अंधांचे नाक अधिक तीक्ष्ण असते काय?

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात 'संवेदना' हे प्रकरण चालू होते. एके सकाळी मी वर्गात पाऊल टाकताच दुसऱ्या बाकावरील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आज ग्रंथालयातून आलात वाटतं?" हा विद्यार्थी जन्मापासून अंध. मी खरोखरच तासभर जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे उपसून आलो होतो आणि त्या कागदांचा कुबट वास माझ्या कपड्यांना चिकटला होता. वर्गातील डोळस मुलांपैकी एकाच्याही तो ध्यानात आला नव्हता. "देवानं डोळे नेले, पण नाक काय दिलंय बघा!" मागून कोणीतरी म्हणाले आणि साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. तो मुलगा मात्र हसून म्हणाला, "नाक तुमच्यासारखंच आहे रे. तुम्ही बघत बसता, म्हणून तुम्हांला हुंगायला सवड होत नाही."

वर्गाने हा त्याचा विनय मानला. मीही तसाच मानला. पुढे या विषयावर जे काही वाचावयास मिळाले ते वाचल्यावर मात्र माझी खात्री झाली, की शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या संशोधनाचे सार त्या मुलाने दोन वाक्यांत सांगून टाकले होते. ते कसे, हे पाहण्याचा या लेखात विचार आहे.

एक जुना समज

एक इंद्रिय गेले की उरलेली इंद्रिये आपोआप बळकट होतात, हा समज जगभर आढळतो. आपल्याकडे अंध विद्वानाला 'प्रज्ञाचक्षू' म्हणण्याची पद्धत आहे. या शब्दात आदर आहे. पण बाहेरचे डोळे गेले म्हणजे आतले आपोआप उघडतात, अशी कल्पनाही त्यात नकळत डोकावते. युरोपात फ्रेंच विचारवंत दिदेरो याने १७४९ साली अंधांविषयी एक प्रदीर्घ पत्ररूप निबंध लिहिला. त्यात त्याने एका जन्मांध गृहस्थाची हकीकत दिली आहे. भांड्यात पाणी किती भरले हे तो गृहस्थ आवाजावरून ओळखी, आणि आपण शेकोटीपासून किती दूर आहोत हे उष्णतेवरून सांगे.

वासापुरते बोलायचे तर हेलन केलर (१८८०–१९६८) यांचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी वासासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले. जवळ आलेल्या माणसाच्या कपड्यांना लाकडाचा, लोखंडाचा, रंगाचा किंवा औषधाचा वास येत असेल तर त्यावरून त्याचा व्यवसाय त्या ताडीत. वादळ येण्याच्या आधी काही तास त्यांना त्याची चाहूल वासावरून लागे. असे वर्णन वाचले की हे नाक सामान्य नव्हे, असेच कोणालाही वाटेल.

परंतु वर्णन ही एक गोष्ट आणि मोजमाप ही दुसरी. १८९९ साली ग्रीसबाख या जर्मन संशोधकाने अंध आणि डोळस व्यक्तींच्या निरनिराळ्या संवेदनांची पद्धतशीर तुलना केली. अंधांची इंद्रिये अधिक तीक्ष्ण असल्याचा पुरावा त्याला मिळाला नाही. म्हणजे या समजाला पहिला धक्का बसून आता सव्वाशे वर्षे होत आली. तरी समज टिकून आहेच.

वास कळतो तो कसा

प्रयोगांकडे वळण्यापूर्वी घ्राणेंद्रियाची रचना थोडक्यात पाहू. नाकपुडीच्या वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधोमध, काही चौरस सेंटीमीटरचा एक नाजूक पडदा असतो. त्यात गंधग्राहक पेशी असतात. पदार्थांपासून सुटलेले सूक्ष्म रेणू श्वासाबरोबर या पडद्यापर्यंत पोचले की त्या पेशी उद्दीपित होतात. मनुष्यामध्ये या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका वासाला एक ग्राहक असा हिशेब येथे नसतो. एकच वास अनेक ग्राहकांना कमीअधिक प्रमाणात चेतवतो आणि त्या सर्वांच्या मेळातून मेंदू वास ओळखतो. पेटीच्या निरनिराळ्या पट्ट्या एकदम दाबल्यावर एक स्वरमेळ उमटावा, तसे हे आहे.

आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवली पाहिजेत. पाहणे, ऐकणे, स्पर्श यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र तो नाका टाळून, भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांकडे जवळच्या वाटेने पोचतो. एखाद्या वासासरशी आजोळचे माजघर डोळ्यांसमोर उभे राहते, याचे हे एक कारण मानले जाते. दुसरे असे, की नाक लवकर सरावते. खोलीत शिरताना जाणवलेला वास पाच-दहा मिनिटांत जाणवेनासा होतो. अंधाचे नाक असो वा डोळसाचे, ही रचना आणि या मर्यादा दोघांनाही सारख्याच आहेत.

'तीक्ष्ण' या शब्दाचे तीन अर्थ

'नाक तीक्ष्ण आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली, अतिशय विरळ वासाची चाहूल लागणे. ही मोजण्यासाठी प्रयोज्याला तीन बाटल्या हुंगावयास देतात. त्यांपैकी एकीतच वासाचे द्रव्य असते आणि ते पायरीपायरीने पातळ करीत नेतात. कोणत्या पायरीपर्यंत बाटली बिनचूक ओळखली, तो त्या व्यक्तीच्या संवेदनेचा उंबरठा. दुसरी गोष्ट म्हणजे दोन जवळजवळ सारख्या वासांमधील भेद कळणे. आणि तिसरी, वास कशाचा आहे हे सांगणे. या तिसऱ्या गोष्टीचेही दोन पोटप्रकार आहेत. चार नावे देऊन त्यांतून एक निवडायला सांगणे निराळे, आणि काहीही न सुचवता 'हा कशाचा वास?' म्हणून विचारणे निराळे. या शेवटच्या परीक्षेत भलेभले अडखळतात. वास ओळखीचा असतो, नाव अगदी जिभेवर येते आणि तेथेच अडते.

नाकाचा संबंध मुख्यतः पहिल्या दोन परीक्षांशी आहे. तिसरीत नाकाबरोबरच स्मरण, अवधान आणि भाषा यांचीही परीक्षा होते. हा भेद मनात ठेवला म्हणजे पुढील प्रयोगांचा अर्थ लावणे सोपे जाते.

प्रयोग काय सांगतात

१९८६ साली क्लेअर मर्फी आणि विल्यम केन या अमेरिकन संशोधकांनी केलेला अभ्यास बराच गाजला. रोजच्या वापरातील पदार्थ वासावरून ओळखण्यात अंध व्यक्ती सरस ठरल्या. मात्र विरळ वासाची चाहूल लागण्यात त्या सरस ठरल्या नाहीत. म्हणजे लाभ दिसला तो नाव सांगण्यात.

यानंतर १९९३ साली प्रसिद्ध झालेला, फिलाडेल्फिया येथील रिचर्ड डोटी व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास मला सर्वांत उद्बोधक वाटतो. पन्नासहून अधिक अंध आणि पंचाहत्तरहून अधिक डोळस व्यक्तींची त्यांनी परीक्षा घेतली. कागदावर खरवडल्यावर वास सुटतो अशा ४० वासांची एक चाचणी, वासांतील भेद ओळखण्याची एक चाचणी, गुलाबाची आठवण करून देणाऱ्या एका द्रव्याची उंबरठा-चाचणी आणि चवींची एक चाचणी, असा त्याचा व्याप होता. डोळस प्रयोज्यांपैकी २३ जण त्या शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील नोकर होते. पिण्याच्या पाण्याला कसला वास किंवा चव येते काय हे तपासणाऱ्या मंडळावर काम करण्यासाठी त्यांना खास शिक्षण दिलेले होते.

निष्कर्ष दोन निघाले. अंध व्यक्ती एकाही चाचणीत डोळसांच्या पुढे गेल्या नाहीत. आणि वासाची चाहूल, वासांतील भेद व चवीची ओळख या तिन्हींत उरलेल्या दोन्ही गटांना मागे टाकले ते पाणीपुरवठा खात्याच्या त्या २३ डोळस नोकरांनी! त्यांच्या नाकात निसर्गाने काही जादा घातलेले नव्हते. रोज लक्ष देऊन हुंगणे हे त्यांचे काम होते, एवढेच.

मुलांवरील प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात बालपणापासून अंध असलेली मुले डोळस मुलांपेक्षा वासांना नावे देण्यात पुढे होती; परंतु पर्याय समोर ठेवून निवड करावयास सांगितल्यावर हा फरक उरला नाही, आणि विरळ वासाच्या चाहुलीतही तो दिसला नाही. पर्याय दिल्यावर डोळस मुलेही बरोबरीस येत होती, त्या अर्थी वास त्यांच्या नाकापर्यंत पोचत होता. त्याला चिकटलेले नाव मात्र त्यांना चटकन हाती लागत नव्हते.

सर्वच अभ्यास एका सुरात बोलतात असे मात्र नाही. २०११ साली कॅनडात मोजक्या जन्मांध व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात त्यांचा उंबरठा डोळसांपेक्षा खाली, म्हणजे संवेदना अधिक सूक्ष्म आढळली. आजूबाजूच्या वासांची दखलही आपण अधिक घेतो, असे त्यांनी प्रश्नावलीत नोंदवले. त्याच वर्षी मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जन्मांध व्यक्ती वास हुंगत असताना त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, जो डोळसांमध्ये पाहण्याच्या कामी येतो, तोही अधिक कार्यरत होतो. म्हणजे रिकामी राहिलेली जागा मेंदू पडीक ठेवीत नाही. पण मेंदूतील असा बदल आणि चाचणीतील अधिक गुण या दोन गोष्टी एकच नव्हेत.

मग निवाडा कसा करावयाचा? अशा वेळी प्रयोज्यांची संख्या महत्त्वाची ठरते. दहा-बारा जणांच्या गटात एखाद-दुसरा तरबेज निघाला तरी सरासरी बदलते. शिवाय वयानुसार घ्राणशक्ती क्षीण होते, म्हणून दोन्ही गटांची वये सारखी हवीत. पोलंडमधील ॲग्निएश्का सोरोकोव्स्का यांनी २०१६ साली ही काळजी घेऊन बालपणापासून अंध असलेल्या ४३, नंतर अंध झालेल्या ४१ आणि वय व लिंग जुळणाऱ्या ८४ डोळस व्यक्तींची परीक्षा घेतली. चाहूल, भेद, पर्यायांतून ओळख आणि पर्यायांविना ओळख, यांपैकी कशातही लक्षणीय फरक निघाला नाही. १९८६ साली दिसलेला नाव सांगण्यातील लाभदेखील येथे दिसला नाही. २०१९ साली तोवरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही असाच होता, की केवळ अंधत्वामुळे घ्राणशक्ती वाढत नाही.

मग वर्गात घडले ते काय?

येथे वाचक विचारतील, की नाक सारखेच तर ग्रंथालयाचा वास त्या एकट्यालाच का जाणवला? याचे उत्तर अवधानात आहे. प्रयोगशाळेत डोळस माणसाच्या नाकाखाली बाटली धरून 'हुंग' म्हणून सांगतात, तेव्हा त्याचेही सारे लक्ष वासाकडे लागते. वर्गात तसे कोणी सांगत नाही. शिक्षक आत आले हे डोळ्यांना दिसले की डोळस विद्यार्थ्याचा प्रश्न संपतो. अंध विद्यार्थ्याचा तेथे सुरू होतो. कोण आले, कोठून आले, हे त्याला पावलांच्या आवाजावरून, खोकण्यावरून, कपड्यांच्या वासावरून जुळवून घ्यावे लागते. हे तो रोज, दिवसभर करीत असतो.

डोळे नाकावर किती कुरघोडी करतात याचे एक गमतीदार उदाहरण २००१ साली फ्रान्समधील बोर्दो येथून प्रसिद्ध झाले. मद्यनिर्मितीचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिला बिनवासाच्या रंगाने लाल केले होते. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनसाठी वापरायच्या शब्दांत केले! नाक काय सांगत होते याकडे डोळ्यांनी लक्षच जाऊ दिले नाही.

आणि सरावाने काय होते याचे उदाहरण २००७ सालचे आहे. कॅलिफोर्नियात संशोधकांनी गवतावर चॉकलेटच्या वासाची एक रेघ ओढली, आणि डोळे बांधलेल्या, कान झाकलेल्या माणसांना रांगत तिचा माग काढावयास सांगितले. ३२ पैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना ते जमले, आणि काही दिवसांच्या सरावानंतर सरावलेल्यांचा वेग वाढला. ही सगळी माणसे डोळस होती.

वास आणि भाषा

वासाला नाव देणे कठीण का जाते याचा विचार आपल्या पूर्वजांनीही केलेला दिसतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रूपाचे सात प्रकार आणि रसाचे सहा सांगितले आहेत. गंधाचे मात्र दोनच, सुगंध आणि दुर्गंध. पाश्चात्त्य भाषांतही वासाचे शब्द तोकडेच आहेत. पण ही मनुष्यमात्राची मर्यादा मानण्याचे कारण नाही. मलाया द्वीपकल्पातील जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी खास शब्द आहेत, आणि ते लोक रंगांइतक्याच सहजतेने वासांचे वर्णन करतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

आपली मराठीही याबाबतीत अगदीच गरीब नाही. खमंग, खरपूस, करपट, खवट, आंबूस, कुबट, मातकट, उग्र, दर्प, भपकारा, दरवळ, परिमळ असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. आपल्या कन्नड विभागातील मित्रांचा 'घमघम' आणि आपला 'घमघमाट' तर सख्खे शेजारी आहेत. हे शब्द स्वयंपाकघरात जन्मले आणि तेथेच टिकले, कारण तेथे हुंगणे हे कामाचा भाग असते. फोडणी खमंग झाली की करपली, तूप खवट झाले काय, हे जिला रोज ठरवावे लागते तिच्या नाकाला आणि जिभेला शब्दांची उणीव भासत नाही. अंध मुलांचेही तसेच आहे. ज्या खुणेवर आपला मार्ग अवलंबून आहे तिला नाव द्यावेच लागते.

या चर्चेचे प्रयोजन

अंधांचे नाक तीक्ष्ण असो वा नसो, त्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. माझ्या मते बरेच बिघडते. 'देवाने डोळे नेले, पण नाक दिले' असे आपण म्हणतो तेव्हा एका माणसाने वर्षानुवर्षे चिकाटीने मिळवलेले कौशल्य आपण देणगीच्या खाती जमा करतो. संगीताच्या विद्यार्थ्याला 'तुझा गळाच दैवी' म्हटले की त्याचा पहाटेचा रियाज पुसला जातो, तसाच हा प्रकार आहे. आणि निसर्गाने भरपाई करून दिलीच आहे, असे मानले की आपल्यावरचे कर्तव्यही परस्पर फिटून जाते.

वस्तुतः नाक डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. वारा फिरला की वासाची दिशा फिरते. सर्दी झाली की खुणा पुसल्या जातात. पिठाची गिरणी बंद असेल त्या दिवशी गिरणीजवळचे वळण वासावरून सापडत नाही, आणि उघड्या गटारावरचे झाकण नेमके कोठे नाही हे वासावरून कळत नाही. २०२० नंतर कोविडच्या साथीत असंख्य लोकांची घ्राणशक्ती काही काळ गेली. डोळसाला त्यामुळे जेवण बेचव लागले. एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या अंध व्यक्तीला दूध करपल्याचे, गॅस गळत असल्याचे कळण्याचा मोठा आधार गेला. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती ध्यानात यावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. तो वासच येईनासा झाला तर काय करावे, हा प्रश्न भरपाईच्या सिद्धांताने सुटत नाही.

विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. पण त्यांनाही ग्रंथ वाचून दाखवणारी आणि सांगितलेले लिहून घेणारी माणसे लागलीच. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अपंग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. जागा मिळाली तरी पुस्तक वाचता आले पाहिजे. संगणक आणि मोबाईल आता मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात हे खरे. पण आपली कितीतरी मराठी व कन्नड क्रमिक पुस्तके निव्वळ छापील रूपात, किंवा पानांची छायाचित्रे काढून ठेवलेल्या रूपात असतात. त्यांच्यापुढे यंत्र मुके होते.

करून पाहावे

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक सोपा प्रयोग. सहा लहान डब्यांत जिरे, हिंग, कापूर, लवंग, चहाची पूड आणि खोबरेल तेलात बुडवलेला कापूस ठेवा. मित्राचे डोळे बांधून प्रत्येक वासाचे नाव विचारा व उत्तरे लिहून ठेवा. मग तीच परीक्षा चार-चार पर्याय देऊन पुन्हा घ्या. दोन यादींतील अंतर पाहिले की ओळखणे आणि नाव सांगणे यांतील फरक कळेल. चुकलेल्या वासांची नावे सांगून आठवडाभर रोज हा सराव केल्यास गुण किती वाढतात, हेही पाहावे. मात्र पाच मिनिटे डोळे बांधल्याने अंधत्व कळले, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये.

त्या दिवशी तास संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला विचारले, की तुझ्यासाठी वर्गाला काही करता येईल काय? मला वाटले, तो काही मोठे मागेल. तो म्हणाला, "रविवारी दोन तास कोणी पाठ्यपुस्तक वाचून दाखवलं तर बरं होईल, सर. वासावरून धडा कळत नाही."